शेजारच्या खुर्चीतलं पोट

लोक दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा करतात, पगाराचा करतात, परदेशातल्या मुलाचा करतात. मी एका बाईच्या आतड्यांचा हेवा केला. तोही चोरून-मारून नाही, अगदी मन लावून, रियाज करावा तसा.

आधी माझ्याबद्दल. मी निवेदिका आहे. गाण्यांचे कार्यक्रम, साठीशांत, शाळांची स्नेहसंमेलनं. माइक हातात आला की मी दोन बोटं उंच होते. पन्नाशी उलटल्यावर माझ्या उजव्या मूत्रपिंडात गाठ निघाली. मूत्रपिंड काढलं, पण गाठीनं तोवर आपली पिल्लं फुफ्फुसात नेऊन ठेवली होती. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली. दर तीन आठवड्यांनी बिबवेवाडीहून रिक्षानं निघायचं, स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षावाल्याची राजकीय मतं ऐकायची, आणि हॉस्पिटलच्या डे-केअर वॉर्डात आरामखुर्चीत पडून हातातल्या सुईतून औषधाची बाटली चढवून घ्यायची.

डॉक्टर तरुण होते आणि मला काकू म्हणत. ते मी माफ केलं, कारण समजावून छान सांगायचे.

"काकू, हे औषध गाठीला मारत नाही. तुमच्या अंगातले सैनिक गाठीसमोर गप्प उभे आहेत, कारण गाठीनं त्यांना गप्प बसायला लावलंय. औषध ती बंदी उठवतं. मारामारी त्यांनीच करायची."

"आणि नाही केली तर?"

"काहींचे सैनिक करतात, काहींचे नाही. असं का, ते पूर्ण कळलेलं नाही."

माझे सैनिक पुण्यातले. दुपारी एक ते चार त्यांनी शस्त्रं खाली ठेवली तर मी कोणाकडे तक्रार करणार?

माझ्या शेजारच्या खुर्चीत ती बाई. आजार तोच, औषध तेच, दिवसही तोच. वय माझ्याएवढंच, म्हणजे मी सांगते तेवढं. कात्रजच्या पलीकडचं, आता शहरात आलेलं गाव. शेतात इमारती उभ्या राहिलेल्या, दारात उंच पांढरी गाडी, हातात कोपरापर्यंत बांगड्या; नर्सला शीर सापडायच्या आधी बांगड्या सरकवाव्या लागत. बरोबर सून, आणि सुनेच्या मांडीवर कापडात बांधलेला डबा. मी तिला ताई म्हणायचे, ती मला ताई म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटे, काय हा आदर! प्रत्यक्षात दोघी मिळून मोठेपण शेजारच्या खुर्चीत ढकलत होतो.

पहिल्या तपासणीचे निकाल एकाच सकाळी आले. माझी पिल्लं जशीच्या तशी. "स्टेबल आहे, काकू. वाढली नाहीत, ही चांगली गोष्ट आहे." तिची मात्र निम्म्याच्या खाली उतरली. तिनं ते मला खुर्चीत टेकायच्या आधी सांगितलं.

"निम्म्याच्या खाली गेली बघा, ताई. तुमचं काय म्हणत्यात?"

"स्टेबल," मी माइकवरच्या आवाजात म्हणाले.

"म्हंजे हाय तिथंच व्हय?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. बसल्याजागी ऱ्हायली तरी पुष्कळ झालं."

घरी जाताना रिक्षात मी आमच्या ह्यांना म्हणाले, "अहो, माझ्या पोटात दुखतंय."

ते दचकले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना उमगलं. "निम्म्याच्या खाली गेली म्हणून?"

"तर काय!"

"ओवा खा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून हा आमच्या घरातला शब्दच झाला. तिच्या तोंडाची चव परत आली की माझ्या पोटात दुखायचं. तिचं वजन वाढलं की दुखायचं. तिच्या सुनेनं तिच्यासाठी स्वेटर विणला, त्या दिवशी तर मुरडा आला. मुलगी खराडीहून, तिच्या ऑफिसातून, फोन करायची. आधी विचारायची, "आई, पोट कसं आहे?" आणि आम्ही दोघी खिदळायचो. हसण्याच्या आड काय होतं ते दोघींनाही ठाऊक होतं. त्या बाईचे सैनिक लढत होते आणि माझे नव्हते. औषध मला लागू पडणार की नाही, एवढाच प्रश्न होता. बाकी सगळं नाटक.

एकदा मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "तिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?"

ते म्हणाले, "काकू, एक शक्यता आहे, पण शक्यताच. आपल्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू राहतात. ते शरीराच्या सैनिकांशी सतत बोलत असतात, त्यांना शिकवत असतात, असं दिसतंय. ज्यांच्या पोटात विशिष्ट प्रकारचे जीवाणू भरपूर, त्यांच्यावर हे औषध अधिक चांगलं चालतं, असं काही ठिकाणी आढळलंय. त्या जीवाणूंचं खाणं म्हणजे चोथा. भाज्या, उसळी, भाकरी. तुम्ही काय खाता?"

मी काय खात होते? आजारी पुणेकर खातो ते. आजारपण कळताच सगळी आळी पथ्य घेऊन आली होती. मऊ भात, साजूक तूप, साबुदाण्याची खीर, दुधात बुडवलेलं बिस्किट. पथ्य म्हणजे ज्याला दात लागत नाहीत ते, अशी आमची समजूत. माझ्या जीवाणूंना महिनोन्‌महिने साबुदाण्यावर ठेवलं होतं. ते सैनिकांना काय शिकवणार? शिवणकाम?

"मग त्या जीवाणूंच्या गोळ्या मिळतात ना दुकानात? त्या घेते."

"नाही!" डॉक्टर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "त्या तर मनानं मुळीच घेऊ नका, त्यानं उलटही होऊ शकतं. आणि मला विचारल्याशिवाय अँटिबायोटिकही नाही, ते चांगल्या जीवाणूंनाही मारतं. नुसतं जेवण सुधारा. आणि भाजीला औषध समजू नका."

मग उठता उठता, मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी सांगितलं की परदेशात एक वेगळाच प्रयोग चालू आहे. ज्यांना औषध चांगलं लागू पडलं, त्यांची विष्ठा घेतात, ती शुद्ध करतात, आणि ज्यांना लागू पडत नाही त्यांच्या आतड्यात सोडतात. कधी नळीनं, कधी कॅप्सूलमधून. अजून पक्कं काही नाही, आपल्याकडे हा उपचार म्हणून होत नाही, पण काहींना फायदा झाल्यासारखा दिसतो.

मी वॉर्डात परत आले आणि शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. बाई डोळे मिटून पडली होती, पोटावर दोन्ही हात ठेवून, तिजोरीवर हात ठेवावेत तसे. बायकांनी एकमेकींच्या साड्या मागितल्यात, नथी मागितल्यात. पण जे मला त्या क्षणी हवं होतं, ते आजवर कोणत्याही शेजारणीनं शेजारणीकडे मागितलं नसेल.

रिक्षात मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी रिक्षावाला ऐकत नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, "मागून बघ. दिलदार वाटतात. नाही म्हणायच्या नाहीत."

ते मागता येत नव्हतं, म्हणून मी डब्याच्या मागे लागले.

"ताई, काय आज डब्यात?" माझा आवाज मधाळ.

"काय नाय, घरचंच." झाकण खाली.

पुढच्या वेळी मी सुनेला गाठलं. सून बिचारी मोकळी. "मम्मींना ना, बाजरीची भाकरी, चवळीची उसळ, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी..." एवढं म्हणते तोच खुर्चीतून खाकरणं आलं आणि सून गप्प झाली. पण मला पुरे होतं. मी पाठांतरावर पोट भरणारी बाई.

तिलाही ते कळलं. त्यानंतरच्या वेळी तिनं आपण होऊन डबा माझ्यापुढे धरला. भाकरीचा तुकडा आणि त्यावर हिरवा ठेचा.

"घ्या की, ताई. पर तिखट हाय. तुमाला सोसायचं नाय. तुमी गोड्या वरणाची मानसं."

मी तो ठेचा खाल्ला. सगळा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानातून वाफ. नर्स धावत आली, औषधाचा काही त्रास होतोय का विचारायला.

"नाही," मी म्हणाले, "चव घेतेय."

बाई पदरात तोंड लपवून हसत होती. बांगड्या वाजत होत्या.

घरी क्रांती झाली. साबुदाण्याचा डबा मोलकरणीला दिला. बाजरी आली, ज्वारी आली, जवस, मटकी, मसूर, कुळीथ, आणि मंडईतून अशा पालेभाज्या आल्या ज्यांची नावं विक्रेतीला विचारावी लागली. एकाच घरात दोन स्वयंपाक नकोत म्हणून ह्यांनाही तेच. चौथ्या दिवशी ते दिवाणखान्यात उभे राहून म्हणाले, "तुझे सैनिक जागे होतील तेव्हा होतील. माझ्या पोटात मात्र तोफखाना सुरू झालाय."

मला त्याचं काही नव्हतं. प्रत्येक घास खाताना माझ्या डोळ्यांसमोर ती बाई असायची. ती भाकरी किती खात असेल? अर्धी? मग मी पाऊण.

दुसरी तपासणी झाली. माझी पिल्लं जागची हलली नव्हती. तिची आणखी बारीक झाली होती.

मी एवढंच म्हणाले, "अभिनंदन, ताई." शब्द तोंडात दगडासारखा फिरला. ह्या वेळी रिक्षात आमचे हेच आधी म्हणाले, "दुखतंय ना?" मी मान हलवली. थट्टेतला दम संपत आला होता. सगळी भाकरी खाऊन, सगळा पाला गिळून माझे सैनिक नुसते उभे होते.

त्या आठवड्यात माझ्या पोटात दुखायला लागलं. खरंच.

सकाळी मी म्हणाले, "अहो, माझ्या पोटात दुखतंय."

ते पेपरातून वर न बघता म्हणाले, "आता काय झालं तिचं?"

"तिचं नाही हो. पोटात दुखतंय."

"तेच म्हणतोय मी. कालचंच आहे की नवीन काही कळलं?"

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गत झाली माझी. त्यात जुलाबही सुरू झाले होते. ते मी कुळथाच्या नावावर मांडले. एवढा पाला खाल्ल्यावर पोट बोलणारच. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, पोट कसं आहे?" आणि सवयीनं हसली. मीही सवयीनं हसले. दुसऱ्या दिवशी जुलाब थांबेनात, तेव्हा हे कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून गोळ्या घेऊन आले. त्यानं नेहमीच्या देतो तशाच दिल्या, एक जुलाब बंद करायची, एक अँटिबायोटिकची.

गोळ्या समोर, पाण्याचा पेला हातात, आणि मला संताप आला. सगळा दोष त्या बाईचा. तिच्या नादानं मी जनावरासारखा पाला खाल्ला. नंबर होता माझ्याकडे, सुनेकडून घेतला होता, पाककृती विचारायला म्हणून. लावला फोन.

"ताई, तुमच्या चवळीनं आणि पाल्यानं माझी काय दशा केलीय, कल्पना आहे का तुम्हाला?"

"कशी दशा?" ती म्हणाली.

मी वर्णन केलं. मी निवेदिका आहे, वर्णन चांगलं करते.

पलीकडे बांगड्यांचा आवाजसुद्धा थांबला. मग तिनं विचारलं, "मुरडा येतोय का? आव पडती का? रगत?"

"थोडं दिसलं आज. पण उसळीनं..."

"अगं बाई, उसळ ऱ्हाऊ दे तिकडं! ह्ये उसळीचं नाय, बाटलीचं हाय. गोळी गिळू नको. हातातली खाली ठिव. ठिवलीस? आता वॉर्डात फोन कर आणि नीघ."

तिनं मला पहिल्यांदा अगं म्हटलं. ताईपण गेलं.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मला झालतं की! पयल्या तपासणीच्या नंतरच. सैनिक सुटलं ते गाठीवर पन गेलं आणि आतड्यावर पन गेलं. महिनाभर बाटली बंद होती माझी."

मला आठवलं. मधे एकदा ती आली नव्हती. सुनेनं सांगितलं होतं, लग्नाला गेल्यात.

"मग मला का नाही बोललात?"

"तुला कशाला सांगू? तू खूस झाली असतीस!"

हे शंभर टक्के खरं होतं. पोट धरून बसलेल्या अवस्थेतही मला तिच्या अचूकपणाचा हेवा वाटला.

हॉस्पिटलात तातडीच्या विभागात एक नवा डॉक्टर होता, लखनौकडचा, मराठी शिकत असलेला, अतिशय सालस. मी कॉटवर वाकडी झालेली, म्हणून त्यानं ह्यांना विचारलं, "मॅडमच्या पोटात कधीपासून दुखते?"

आमचे हे घाबरले की अचूक उत्तर देतात. ते म्हणाले, "पावसाळ्यापासून."

"पावसाळ्यापासून? इतके महिने? रोज?"

"रोज नाही. तीन आठवड्यांनी. इथे येऊन गेलं की."

डॉक्टर भराभर लिहायला लागला. मला दिसत होतं काय होतंय ते. जुनी पोटदुखी, महिनोन्‌महिन्यांची. जुन्या दुखण्याला कोण घाई करतं? आधी सोनोग्राफी, मग पित्ताशय, मग अल्सर, मग उद्या बघू. आणि मुरडा तर पोटात करवत चालवत होता.

"अहो, सांगा त्यांना!" मी ओरडले. "ते तसं दुखणं नव्हतं!"

"कैसा दुखना था?" डॉक्टर गोंधळून हिंदीत गेला.

आता आमचे हे म्हणजे सरळमार्गी गृहस्थ, आणि त्यांचं हिंदी दूरदर्शनच्या बातम्यांपुरतं. ते उभे राहिले, घसा साफ केला, आणि अख्ख्या विभागाला ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टरसाब, वो दर्द नहीं था. वो जलन थी."

"जलन? मतलब एसिडिटी?"

"नहीं, नहीं! बाजूवाली बाई की तब्येत अच्छी हो रही थी, इसलिए."

शेजारच्या कॉटवरचा सलाईन लावलेला माणूस उठून बसला. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. माझ्या आयुष्यात अनेक परिचय करून दिले गेले, पण एवढा नेमका कोणी दिला नव्हता.

"मराठीत आम्ही हेवा वाटला की पोटात दुखतं म्हणतो," मी दातांवर दात ठेवून सांगितलं. "खरं दुखणं परवापासून. जुलाब परवापासून. मी इम्युनोथेरपीवर आहे. आणि मी अजून एकही गोळी घेतलेली नाही."

त्यानं लिहिलेलं खोडलं आणि फोन उचलला.

पुढचं वेगानं झालं. शौचाची तपासणी, आतड्यात दुर्बीण, आणि माझे डॉक्टर खाली आले ते गंभीर तोंडानं. सैनिक जागे झाले होते, पण त्यांनी माझ्याच आतड्यावर चाल केली होती. मोठ्या मात्रेत स्टिरॉइड सुरू झालं.

"माझ्या उसळींमुळे का हो?" मी विचारलं.

"नाही, काकू. औषधाचा परिणाम आहे हा. मात्र आतड्याची सूज उतरेपर्यंत चोथा बंद. मऊ भात खायचा."

मी भिंतीकडे तोंड केलं. साबुदाणासुद्धा दान करून बसले होते.

सूज उतरायला वेळ लागला. चेहरा स्टिरॉइडनं पुरीसारखा फुगला, आवाज चिरका झाला, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की बाटली आता परत नाही. त्रास फार तीव्र होता. पुन्हा दिली तर पुन्हा होईल. "काही जणांत औषध थांबल्यावरही सैनिक काम करत राहतात. तपासणी करून बघू. वाढ दिसली तर दुसरं औषध आहे." ते सावकाश बोलत होते आणि मला त्यातलं एकच ऐकू येत होतं, की शेजारच्या खुर्चीतल्या बाईला मिळणार आणि मला नाही. आधी तिच्या आतड्याचा हेवा केला, आता सुईचा. तिच्या औषधाच्या दिवशी मी घरी खिडकीत बसायचे आणि म्हणायचे, आत्ता शीर सापडली असेल. आत्ता थेंब सुरू झाले असतील. ह्यांच्यापुढे मात्र पोटात दुखतंय असं म्हणायला मी धजले नाही. आमच्या घरात तो शब्द आता वापरातून गेला. हेवा वाटला तर सरळ हेवा वाटतो म्हणायचं, असा ठराव झाला.

तपासणीचा निकाल घ्यायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टर पडद्याकडे इतका वेळ बघत होते की मी मनात त्यांचं निवेदन लिहून टाकलं, दोन्ही प्रकारचं. आनंदाचं आणि दुसरं. दुसरं जास्त चांगलं झालं होतं.

"काकू," ते म्हणाले, "गाठी लहान झाल्यात."

"किती?"

"जवळजवळ निम्म्या."

ह्यांनी खुर्चीची पाठ धरली. मी काहीच धरलं नाही, कारण हात सापडत नव्हते.

"औषधानं? की पाल्यानं? की त्या आतल्या जीवाणूंनी?"

"खरं सांगू? मला सांगता येणार नाही," डॉक्टर हसले. "औषधानं बंदी उठवली, हे नक्की. बाकी कोणी किती मदत केली, ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही. तुम्ही हळूहळू भाकरीवर परत या."

बाहेर पडल्या पडल्या, लिफ्टपाशीच, मी तिला फोन लावला. मुलीच्या आधी. सुनेनं उचलला, मग बांगड्या आल्या, मग ती.

"निकाल आला," मी म्हणाले आणि मुद्दाम थांबले. कुठे थांबायचं हे माझ्या धंद्यात कळावंच लागतं.

"बोल की! मानसाचा जीव जातोय हितं!"

"लहान झाल्या. जवळजवळ निम्म्या. बाटलीशिवाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा. सुनेला काहीतरी सांगितलेलं ऐकू आलं, देवाजवळ दिवा लाव असं काहीसं. मग ती फोनवर परतली, घसा खाकरून.

"जवळजवळ निम्म्या म्हंजे निम्म्याच्या वरच की," ती म्हणाली. "माझी पयल्याच तपासणीला खाली गेलती." आणि फोन ठेवला.

लिफ्ट आली. आम्ही आत शिरलो.

"काय म्हणाल्या?" ह्यांनी विचारलं.

"अभिनंदन म्हणाल्या," मी सांगितलं.

ते लिफ्टच्या आरशातून माझ्याकडे बघत होते. "चेहऱ्यावरनं तसं वाटत नाही," ते म्हणाले.